गावच्या अभ्यासिकेसाठी सीएसआर निधी: चेंज रिपोर्टपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात चाळीस मुलामुलींना बसता येईल अशी अभ्यासिका आता रोज सकाळी सात ते रात्री नऊ उघडी असते. तिच्यासाठी माळेगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चातून, ७,३५,००० रुपये दिले. पहिला कागद आम्ही जून २०२२ मध्ये हातात घेतला आणि प्रकल्प पूर्ण झाल्याचं कंपनीचं पत्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. या तीन वर्षांत काय काय लागलं ते क्रमाने लिहून ठेवतेय. आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्यासारख्या लहान संस्थेने सगळं स्वतः केल्याचा मराठीतला अनुभव कुठे वाचायला मिळाला नव्हता.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गावच्या वाचनालयाची सचिव आहे. संस्था जुनी, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या भाषेत ‘एफ’ नंबरची. पुस्तकं होती, वर्तमानपत्रं येत होती, पण पोलीस भरती आणि तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं नाशिकला खोली घेऊन राहत होती. खोलीचं भाडं, मेस, वर अभ्यासिकेची फी. ज्यांच्या घरून हे झेपत नव्हतं ती घरीच बसून अभ्यास करत होती, आणि मुलींना तर नाशिकला राहायला पाठवायचा विषयच नव्हता. ग्रामपंचायतीची एक मोठी खोली रिकामी पडून होती. जागा होती, मुलं होती, पैसा नव्हता.

कंपन्या पैसे देतात एवढं ऐकून माहीत होतं. का देतात, ते नंतर वाचलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. तिन्हींपैकी एक अट लागू झाली तरी पुरे. त्याच कलमात असंही आहे की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. हे वाचल्यावर माझी भीड बरीच कमी झाली. कारखान्याच्या आसपासच्या गावाने प्रस्ताव घेऊन जाणं ही याचना नाही, कंपनीलाही योग्य काम आणि योग्य संस्था शोधावीच लागते. खर्च कशावर करता येतो त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण त्यात आहे, आणि सार्वजनिक वाचनालयं उभारण्याचा तर स्पष्ट उल्लेख आहे. तुमचं काम या यादीतल्या नेमक्या कुठल्या कलमात बसतं ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा. कंपनीतला माणूस आधी तेच शोधतो.

पण कंपनीकडे जायच्या आधीच आमचं दीड वर्ष गेलं. संस्था थेट कंपनीकडून सीएसआरचं काम घेणार असेल तर तिच्याकडे आयकराची १२ए नोंदणी (संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहण्यासाठीची) हवी, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळण्यासाठीचं) हवं, तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि केंद्र सरकारच्या कंपनी मंत्रालयाचा सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. आमच्याकडे यातला फक्त अनुभव होता.

सुरुवात धर्मादायपासून करावी लागली. संस्थेच्या शेड्यूल १ च्या उताऱ्यावर अजून जुन्या विश्वस्तांचीच नावं होती. त्यातले दोघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला गेलेले. निवडणुका होत गेल्या होत्या, प्रोसिडिंग बुकात ठरावही होते, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे धर्मादायकडे द्यायचे अर्ज, दाखल झालेले नव्हते. उताऱ्यावर ज्यांचं नाव नाही त्यांची सही पुढे कुठेच चालत नाही, ना बँकेत, ना आयकरात, ना कंपनीच्या करारावर. जुलै २०२२ मध्ये आम्ही चेंज रिपोर्ट टाकले. प्रत्येक बदलासाठी सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, पुण्याच्या काकांचं ना हरकत पत्र, आणि मुदत (९० दिवस) उलटून गेल्यामुळे विलंबमाफीचा अर्ज. वकिलांची फी ६,००० रुपये ठरली. आमचे अध्यक्ष आप्पा सत्तरीच्या पुढचे, पण प्रत्येक तारखेला सिन्नरहून एसटीने नाशिकला हजर राहिले. जानेवारी २०२३ मध्ये आदेश झाला आणि नवीन नावांचा उतारा हातात आला. त्याच्या प्रमाणित प्रती एकदम चार-पाच काढून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतात.

आयकराची तयारी त्याच वेळी सुरू ठेवली होती. आधी नमुना १०ए भरून तात्पुरती नोंदणी घेतली. ती ऑनलाइन, महिन्याभरात आली. ही तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते. मग मार्च २०२३ मध्ये नियमित नोंदणीसाठी नमुना १०एबी भरला, १२ए साठी वेगळा आणि ८०जी साठी वेगळा. याची छाननी पुण्याच्या आयकर आयुक्त (सूट) कार्यालयातून होते, पण पुण्याला जावं लागत नाही, सगळी प्रश्नोत्तरं पोर्टलवर. मे महिन्यात नोटीस आली आणि ती वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. तीन वर्षांचे ताळेबंद, कामाचे फोटो, देणगीदारांची यादी, घटनेतल्या उद्देशांची प्रत, खर्चाच्या पावत्या, सगळं मागितलं होतं आणि मुदत पंधरा दिवसांची. आमच्या सीए ताईंनी समजावलं की ही नोटीस सगळ्यांनाच येते, घाबरायचं नाही, मागितलंय त्याच क्रमाने क्रमांक टाकून उत्तर द्यायचं. तसंच केलं. वाचनालयाचं देवघेव रजिस्टर इथे फार कामाला आलं. रोज कोणी कुठलं पुस्तक नेलं याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी म्हणजे काम खरंच चालू असल्याचा पुरावा. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही आदेश आले, पाच वर्षांसाठी. सीए ताईंनी या सगळ्याचे मिळून १२,००० रुपये घेतले, तेही हप्त्याने.

आता वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे हे आणि पुढे येणारे क्रमांक बदलतात. सीएकडे जाताना क्रमांक पाठ करून जाऊ नका, काम काय आहे ते सांगा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सीएसआर-१, म्हणजे सीएसआर नोंदणी क्रमांकाचा फॉर्म, भरला. सगळ्यांत जास्त धास्ती याची होती आणि सगळ्यांत सोपं हेच निघालं. सरकारी फी शून्य. संस्थेचा पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची माहिती, माझी डिजिटल सही, आणि व्यवसाय करणाऱ्या सीएची (कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचीही चालते) प्रमाणित करणारी डिजिटल सही. डिजिटल सहीचे १,८०० रुपये गेले. फॉर्म जमा झाला की क्रमांक आपोआप तयार होतो. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणीही त्याच आठवड्यात केली. तीही फुकट आहे. या दोन्हींसाठी दहा-पंधरा हजार मागणारे भेटतात. सीएची त्याच्या कामाची फी जरूर द्या, पण ‘सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

हे कागद झाले की गावात बातमी फिरते आणि माणसं भेटायला यायला लागतात. एक गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. कंपनीतून पंधरा लाख मंजूर करून आणतो, त्यातले तीस टक्के रोख परत द्यायचे, बिलांचं आम्ही बघून घेऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. आप्पांनी त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत सोडून आले. असा व्यवहार म्हणजे खोटी बिलं, खोटं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) आणि विश्वस्तांच्या गळ्यात आयुष्यभराचं लचांड. शिवाय तीस टक्के जातात ते मुलांच्या टेबलखुर्च्यांचेच. नवीन संस्थांना कळकळीने सांगते, या वाटेला जाऊ नका. बिनओळखीचं, सरळ अर्ज करूनही काम होतं, आमचं झालं.

कुठल्या कंपनीकडे जायचं हे आम्ही असं ठरवलं. कंपनी मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात कशावर किती खर्च केला ते बघायला मिळतं. प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं, आणि संकेतस्थळ असेल तर मंजूर प्रकल्पांची यादीही तिथे टाकावी लागते. भाचीला जवळ बसवून दोन रविवार हेच काम केलं. नाशिक जिल्ह्यात शिक्षणावर आधी खर्च केलेल्या, माळेगाव आणि मुसळगाव भागात कारखाना असलेल्या कंपन्या वेगळ्या काढल्या. त्यातल्या काही परदेशी कंपन्यांच्या उपकंपन्या होत्या. परदेशी पैसा म्हणजे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी) लागेल, असं आम्हाला कोणीतरी घाबरवलं होतं. तसं नाही. कंपनी भारतात नोंदलेली असेल आणि तिच्यातली परदेशी गुंतवणूक कायद्याने त्या क्षेत्राला घालून दिलेल्या मर्यादेत असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर तिचा पैसा ‘परदेशी स्रोत’ धरला जात नाही. आपण फक्त एवढं पाहायचं की पैसे त्या भारतीय कंपनीच्या इथल्या खात्यातून येतील.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये प्रस्ताव पाठवले. वेळ महत्त्वाची आहे. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळापुढे ठेवते, त्याच्या आधी दोन-तीन महिने आपला प्रस्ताव तिथे पोचलेला हवा. काही ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एकीकडून आलं की आम्ही फक्त मोठ्या संस्थांबरोबर काम करतो. जिने शेवटी मदत केली तिथूनही पहिला फोन यायला सात आठवडे लागले. तेवढ्या काळात २६ जानेवारीच्या ग्रामसभेत खोली वापरायला देण्याचा ठराव करून घेतला. खोलीचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा) उतारा, ग्रामसेवकांच्या सहीची ठरावाची प्रत आणि दहा वर्षांचा वापराचा करार, हे तिन्ही कागद आधी तयार ठेवल्यामुळे पुढे फार वेळ वाचला. कंपनीचा पैसा दुसऱ्याच्या जागेत घालायचा असतो तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो. नियमही आहे: सीएसआरमधून जी भांडवली वस्तू उभी राहते ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थी गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची असावी लागते, कंपनीच्या नाही. आमच्याकडे टेबलखुर्च्या आणि सौर पॅनेल संस्थेच्या नावावर, खोली ग्रामपंचायतीची, असं करारात लिहिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीच्या सीएसआर विभागाच्या मॅडम गावात आल्या. तरुण, नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनी वाचनालयाचं रजिस्टर उघडलं, मुलींशी बोलल्या, शौचालयाचं मोडकं दार बघितलं. मग माझ्याशी अंदाजपत्रकावर बसल्या. आमचा आकडा असा होता: टेबलखुर्च्या १,६०,०००, बॅटरीसह सौर संच २,४०,०००, पुस्तकं ९०,०००, शौचालय दुरुस्ती १,१०,०००, ग्रंथपाल ताईंचं वर्षाचं मानधन, महिना ८,००० प्रमाणे, ९६,०००, वीज आणि इंटरनेट २४,०००, लेखापरीक्षण १५,०००. जीएसटी सगळ्यात धरलेला. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्या संस्थेला भरलेला जीएसटी परत मिळत नाही आणि दरपत्रकात ‘कर वेगळा’ असं लिहिलेलं असतं. तो धरला नाही तर अठरा टक्क्यांपर्यंतचं भोक पडतं.

मॅडमनी बाकी सगळ्यावर बरोबरची खूण केली आणि मानधनावर पेन्सिलीने रेघ मारली. ‘हे बसणार नाही. ॲडमिन खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’ त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मलाही तसंच वाटलं असतं, हा समज सगळीकडे आहे. टेबल, पंखा, सौर पॅनेल, पाटी, हे द्यायला सगळे तयार असतात. कुलूप उघडणाऱ्या माणसाचा पगार द्यायची वेळ आली की हात आखडतो. पण अभ्यासिका चालते ती त्या माणसामुळे. आमच्या ग्रंथपाल ताई सातला कुलूप उघडतात, झाडू मारतात, पिण्याचं पाणी भरतात. येणाऱ्याची वेळ घालून सही घेतात. एखादी मुलगी तीन दिवस आली नाही तर तिच्या आईला फोन करतात. चारेक मुलींच्या घरच्यांनी संध्याकाळी यायची परवानगी दिली ती ताई तिथे बसतात म्हणूनच. ताई नसत्या तर ही चाळीस टेबलं म्हणजे कुलूपबंद फर्निचर झालं असतं. शेजारच्या एका गावात नेमकं तसं झालेलं आम्ही पाहत होतो, पाटी चकचकीत आणि दाराला गंजलेलं कुलूप.

म्हणून मी त्या रेघेवर अडून बसले. घरी येऊन नियम काढले. सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. मंत्रालयाच्या २५ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात, क्रमांक १४/२०२१, प्रश्नोत्तरांच्या रूपात याचा खुलासाही आहे. त्याची छापील प्रत काढली, संबंधित ओळींवर पिवळी खूण केली आणि दोन पानांचं पत्र जोडून पाठवलं. ग्रंथपालाचं मानधन हाच अंमलबजावणीचा खर्च कसा, ताई दिवसभरात काय काय करतात, आणि त्या नसतील तर काय होईल, एवढंच पत्रात होतं. मॅडमनी ते वाचून सरळ सांगितलं की मी हे समितीपुढे मांडते, पण एक प्रश्न येणारच: एका वर्षानंतर मानधन कोण देणार?

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी विश्वस्तांची बैठक घेतली, मुलांनाही बसवलं. महिना दोनशे रुपये वर्गणी मुलांनीच सुचवली. चाळीसपैकी तीस जणांनी दिली तर सहा हजार होतात, दहा जणांना माफ. उरलेले दोन हजार गावातले नोकरदार पाळीपाळीने देतील असं ठरलं आणि त्यांच्या सह्यांचं संमतीपत्र घेतलं. ही सगळी बेरीज प्रस्तावाच्या शेवटी एका पानावर घातली. मला वाटतं आमचा प्रस्ताव मंजूर व्हायला त्या पानाचा मोठा हात होता.

मधे लोकसभेची निवडणूक आली. मे २०२४ च्या अखेरीस मंजुरीचा ईमेल आला, मानधनासकट. पतसंस्थेत काउंटरवर बसलेली असताना तो वाचला आणि डोळ्यांत पाणी आलं. आधी ताईंना फोन केला, मग आप्पांना.

जूनमध्ये करार झाला. तेव्हा तो १०० रुपयांच्या मुद्रांकावर झाला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामाला ५०० चा लागतो. करार इंग्रजीत होता, पंधरा पानांचा. मी त्यातलं प्रत्येक कलम सीए ताईंबरोबर बसून मराठीत समजून घेतलं. हप्ते ५०, ३० आणि २० टक्के. आधीच्या हप्त्याचं सीएने प्रमाणित केलेलं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा हप्ता. अंदाजपत्रकातल्या एका बाबीतून दुसऱ्या बाबीत रक्कम वळवायची तर दहा टक्क्यांपर्यंत कळवून, त्यापुढे लेखी परवानगी घेऊन. ही तरतूद मूळ मसुद्यात नव्हती, आम्ही मागितली आणि त्यांनी लगेच मान्य केली. सही करण्यापूर्वी मागितलेलं बहुधा मिळतं, नंतर मागितलं तर पत्रव्यवहार वाढतो. आमचे बारा महिने ३१ मार्च ओलांडून पुढे जात होते, म्हणून संचालक मंडळाने आमचा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला होता. त्यामुळे त्या वर्षात न खर्चलेली रक्कम कंपनीने नियमाप्रमाणे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवली आणि आमचा शेवटचा हप्ता तिथून आला.

पहिला हप्ता, ३,६७,५०० रुपये, जुलै २०२४ मध्ये जमा झाला. त्याच्यासाठी वेगळं बचत खातं काढलं होतं. कायद्याने सक्ती नसली तरी काढा, हिशेब आरशासारखा स्वच्छ राहतो. प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, विश्वस्तांचा ठराव, मग ऑर्डर, बिल संस्थेच्या नावाने, पैसे बँकेतून. रोखीने काहीच नाही. सुताराला हे सगळं पटवायला वेळ लागला, त्याच्याकडे बिलबुकच नव्हतं. शेवटी टेबलं सिन्नरच्या दुकानातून घेतली आणि बसवण्याचं काम त्याला दिलं, चेकने. पावसामुळे सौर पॅनेल सप्टेंबरपर्यंत लांबलं. ऑक्टोबरमध्ये उद्घाटनाची तारीख ठरवत होतो तर विधानसभेची आचारसंहिता लागली, आणि जागा ग्रामपंचायतीची. कार्यक्रम पुढे ढकलला, मुलांना मात्र लगेच बसायला दिलं. उद्घाटन डिसेंबरमध्ये झालं, तोवर मुलांनी आपापल्या जागाही ठरवून टाकल्या होत्या.

कंपनीला दर तिमाहीला अहवाल द्यायचा होता. हजेरी, मुलींची संख्या, किती पुस्तकं आली, फोटो जागेच्या नोंदीसह. ताईंचं रजिस्टर होतं म्हणून हे अर्ध्या तासाचं काम व्हायचं. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जानेवारीत दिलं, पण कंपनीकडच्या तपासणीला वेळ लागून दुसरा हप्ता, २,२०,५०० रुपये, थेट मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आला. आयकर कायद्याप्रमाणे संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षात खर्च करायला हवेत, आणि इथे वर्ष संपायला चार दिवस. घाईघाईने बिलं फाडायची गरज नसते. उशिरा आलेली रक्कम पुढच्या वर्षी खर्च करणार असं नमुना ९ए भरून कळवता येतं, विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी. सीए ताईंनी तो वेळेत भरला. शौचालयाचं काम आम्ही एप्रिल-मे मध्ये शांतपणे, चांगल्या गवंड्याकडून करून घेतलं.

आणखी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: ३१ मे. ज्या संस्थेकडे ८०जी आहे तिने मागच्या आर्थिक वर्षात आलेल्या देणग्यांचं विवरण, नमुना १०बीडी, तोपर्यंत भरायचं असतं, आणि त्यावरून तयार होणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये पडतात. कंपनीच्या वित्त विभागाने हे प्रमाणपत्र १ जूनलाच मागितलं होतं.

तिसरा हप्ता, १,४७,००० रुपये, मे अखेर आला. जुलैत अंतिम अहवाल, अंतिम उपयोगिता प्रमाणपत्र आणि वस्तूंची यादी क्रमांकासह दिली. प्रत्येक टेबलाखाली रंगाने क्रमांक टाकलेला आहे, मॅडमनी खाली वाकून त्यातले काही तपासलेसुद्धा. आमच्या खिशातून आधी गेले ते वकील, सीए, डिजिटल सही, झेरॉक्स आणि प्रवास मिळून साधारण २५,००० रुपये, तीन वर्षांत पसरलेले. हा खर्च प्रकल्पात मागता येत नाही, कारण तो करारापूर्वीचा असतो. त्यासाठी गावात आधी वर्गणी काढून ठेवलेली बरी.

ऑगस्टपासून ताईंचं मानधन वर्गणीतून सुरू झालंय. पहिल्या महिन्यात अठ्ठावीस मुलांनी दिली, दुसऱ्या महिन्यात एकतीस जणांनी. नोकरदारांच्या यादीत दोन नावं नवीन आली आहेत, त्यातलं एक याच अभ्यासिकेत बसून पोलीस भरतीत लागलेल्या मुलीचं आहे. आता आम्हाला ताईंचं मानधन दहा हजार करायचंय आणि त्यासाठी पुढचा प्रस्ताव नोव्हेंबरात पाठवायचा आहे, या वेळी मानधनाची ओळ यादीत सगळ्यांत वर घालून.

ग्रामसभेचा ठराव, खोली वापराचा करार, दरपत्रकांचा तक्ता आणि मानधनाबद्दलचं ते दोन पानी पत्र, यांच्या प्रती नावं-आकडे झाकून वाचनालयात एका फायलीत लावून ठेवल्या आहेत. ज्या संस्थेला हव्या असतील तिने संध्याकाळी सहानंतर यावं, मी तिथेच असते. झेरॉक्सचं दुकान समोरच आहे.